दादरमध्ये अकरा वर्षं टिकणारा गिझर विरारमध्ये दोन वर्षांत का जातो?

डिसेंबरमधली सकाळ. आईचा फोन. "अगं, गिझरमधून टकटक आवाज येतोय. आत कुणीतरी वाटाणे भाजतंय असं वाटतं."

दोन दिवसांनी आवाज थांबला, पण पाणीही तापेना. मेकॅनिक आला, दहा मिनिटांत निदान करून मोकळा झाला. "काकू, कॉईल गेली. टाकीपण गेल्यातच जमा आहे. नवाच घ्या, ह्याच्यावर खर्च करू नका."

हा गिझर सव्वादोन वर्षांचा होता. त्याच्या आधीचा तीन वर्षं टिकला. आणि त्याच्याही आधी, आम्ही दादरला दीड खोलीत राहत होतो तेव्हा, एकच गिझर अकरा वर्षं चालला. विरारला शिफ्ट होताना तो सोबत आणला, तर पुढच्याच वर्षी त्याने मान टाकली. घरात त्यावर एकमत झालं, "आताच्या वस्तूंना पूर्वीसारखी क्वालिटी राहिली नाही."

मलाही तेच वाटायचं. पण मेकॅनिकने काढून ठेवलेली कॉईल हातात घेतली आणि शंका आली. तांब्याची नळी दिसतच नव्हती. तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरट, दगडासारखा कडक थर होता. कंपनीने कॉईल कशीही बनवली असती तरी त्या दगडाखाली ती किती दिवस जगली असती?

वसई-विरार, मीरा-भाईंदर, घोडबंदर रोड, पनवेलच्या आसपासची नवी गृहसंकुलं, पुण्यात वाघोलीसारखे भाग, यांपैकी कुठेही राहत असाल तर हा पांढरा थर तुमच्या ओळखीचा असेल. नळाच्या तोटीवर, शॉवरच्या भोकांत, बादलीच्या कडेला. आपण तो घासून काढतो आणि विसरतो. गिझरच्या आतला मात्र कुणी घासत नाही.

दुष्फेन पाणी आठवतंय?

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात सुफेन आणि दुष्फेन पाणी असा धडा होता. साबणाला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. तो धडा आता बाथरूममध्ये परत भेटतो.

पाऊस जमिनीत मुरताना खडकातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतो. म्हणून बोअरचं आणि विहिरीचं पाणी साधारणपणे जड असतं. आजी म्हणायची, या पाण्यात डाळ शिजत नाही. ते अगदी बरोबर होतं.

यातला कॅल्शियम बायकार्बोनेट गार पाण्यात निमूटपणे विरघळलेला राहतो. पाणी तापलं की तो फुटतो. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतो, म्हणजे साध्या भाषेत खडू. आणि गंमत अशी की साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं, पण हा खडू पाणी जितकं गरम तितका कमी विरघळतो. त्यामुळे गिझरमधली सगळ्यात गरम जागा कोणती, तर तिथेच तो जाऊन बसतो. म्हणजे कॉईलवर.

किती बसतो? एक साधा हिशेब करू. समजा तुमच्या पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज ६० लिटर गरम पाणी लागतं. म्हणजे रोज १८ ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. त्यातला फक्त दहावा भाग आत अडकला असं धरलं, तरी वर्षाला साडेसहाशे ग्रॅम होतात. अर्धा किलोपेक्षा जास्त खडू, पंधरा लिटरच्या टाकीत. दोन वर्षांत काय होत असेल ते आमच्या कॉईलने दाखवलंच.

तो टकटक आवाजही याचाच. थराच्या फटींत अडकलेलं पाणी कॉईलला चिकटून उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. आवाज सुरू झाला की कॉईल गुदमरायला लागली असं समजायचं. आपण मात्र आवाज थांबायची वाट बघतो, आणि तो बहुतेकदा कॉईल जळाल्यावरच थांबतो.

बिल वाढतं का? इथे थोडं थांबू

थरामुळे विजेचं बिल प्रचंड वाढतं, असं तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. इलेक्ट्रिक गिझरच्या बाबतीत हे फारसं खरं नाही. कॉईल पाण्यात बुडालेली असते. तिची उष्णता जाणार कुठे? थोडी उशिरा, पण ती पाण्यातच जाते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं. २ किलोवॅटचा गिझर ते १८ मिनिटांत करतो. थर असला तरी या आकड्यात फार मोठा फरक पडत नाही.

फरक पडतो तो कॉईलच्या तापमानात. तीच उष्णता जाड थरातून बाहेर ढकलायची तर कॉईलला आतून खूप जास्त तापावं लागतं. शेवटी ती फाटते किंवा जळते.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. आपल्याकडच्या बहुतेक गिझरमध्ये थर्मोस्टॅटची नळी कॉईलच्या शेजारीच, एकाच झाकणावर बसवलेली असते. दोघांच्या मधली जागा खडूने भरली की थर्मोस्टॅटला पाण्याचं नाही, कॉईलचं तापमान कळायला लागतं. तो लवकर बंद होतो. लाइट गेला, पण पाणी कोमटच, ही तक्रार त्यातून येते. मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलून देतो, आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

गॅस गिझरचं गणित मात्र वेगळं. तिथे ज्योत बाहेर आणि पाणी नळीच्या आत असतं. थर बसला की उष्णता पाण्यात न जाता धुराबरोबर निघून जाते, म्हणजे गॅस खरंच वाया जातो. पण गॅस गिझरमध्ये माझी पहिली काळजी वेगळी आहे. बंद बाथरूममध्ये बसवलेल्या गॅस गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. तुमच्या बाथरूममध्ये हवा यायला-जायला कायमची वाट नसेल, तर तो तिथे असायलाच नको. क्षारांचा विषय त्यानंतरचा.

मग दादर आणि विरारमध्ये फरक काय?

पाण्याचा. मुंबई महापालिकेचं पाणी सात तलावांतून येतं. तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. हे पावसाचं, जमिनीवर साठलेलं पाणी. ते खडकात फार मुरलेलं नसतं, म्हणून सौम्य असतं. दादरच्या गिझरची अकरा वर्षं ही निम्मी कंपनीची आणि निम्मी त्या तलावांची कमाई होती.

शहराच्या कडेला आलात की चित्र बदलतं. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाणी मागून आलं, काही ठिकाणी अजून येतंय. मधली जागा बोअर आणि टँकरने भरून काढली. टँकर भरतो तो बहुतेकदा विहिरीवर किंवा बोअरवर. बेसॉल्टच्या पट्ट्यातलं हे पाणी मुळात जड, त्यात किनाऱ्याजवळ उपसा वाढला की समुद्राचं पाणी आत सरकतं आणि विहिरी मचूळ होतात. वसईत विहिरींवर टँकर भरण्यावरून असलेला राग नवा नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं हरित वसईचं आंदोलन अनेकांना आठवत असेल.

टँकरवर आपण किती अवलंबून आहोत हे एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवान्यांच्या नियमांवरून मुंबईत टँकरवाल्यांनी संप केला आणि चार-पाच दिवसांत सोसायट्यांची दाणादाण उडाली. महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घ्यावा लागला. त्या वेळी सगळी चर्चा 'पाणी मिळणार का' यावर झाली, जे साहजिक आहे. 'कसलं पाणी मिळतंय' हा प्रश्न कुणी विचारला नाही.

सूर्या प्रकल्पाने यात काही फरक पडला आहे. एमएमआरडीएची ही योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची. त्यातलं १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी. वसई-विरारला २०२३ च्या अखेरीपासून या योजनेचं पाणी यायला लागलं. धरणाचं पाणी म्हणजे पुन्हा सौम्य पाणी. पण आमच्या सोसायटीसारख्या अनेक ठिकाणी सूर्याचं पाणी दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी टँकर. दोन्ही एकाच टाकीत मिसळतात. गिझरच्या वाट्याला ती मिसळ येते.

थोडक्यात, जिथे महापालिकेचं पाणी पोहोचत नाही तिथला माणूस पाण्याचे पैसे दोनदा भरतो. एकदा टँकरवाल्याला आणि एकदा गिझरवाल्याला. वॉशिंग मशीन, इस्त्री, नळाच्या तोट्या हे आणखी वेगळं. घर घेताना स्क्वेअर फुटाचा दर आपण दहा ठिकाणी विचारतो, पण सॅम्पल फ्लॅटमध्ये नळ सोडून बघणारं कुणी मला तरी भेटलं नाही.

"पाणी तर पिण्यालायक आहे, रिपोर्ट आहे"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य हमखास येतं. ते खोटं नसतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल. पण हे मानक तुमच्या पोटासाठी आहे, कॉईलसाठी नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीत १८० च्या वरचं पाणी थेट 'अतिशय जड' मानलं जातं. म्हणजे पिण्याच्या परीक्षेत पास झालेलं पाणी गिझरच्या परीक्षेत सपशेल नापास होऊ शकतं.

आणखी एक गोंधळ टीडीएसचा. वॉटर प्युरिफायर विकणारा पेनासारखं यंत्र बुडवतो, ५०० आकडा दाखवतो आणि घाबरवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले सगळे क्षार. त्यात साधं मीठही आलं, आणि मिठाचा असा थर बसत नाही. गिझरसाठी महत्त्वाचा आकडा 'टोटल हार्डनेस'. तो या पेनावर दिसत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बघायचं साधं किट मिळतं, किंवा प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी द्यायचं. फुकटची चाचणी हवी असेल तर रिकाम्या बाटलीत पाणी आणि साध्या साबणाचा चुरा टाकून जोरात हलवा. फेसाऐवजी पांढुरकी साय आली तर समजायचं काय ते.

दमट हवेचं काय?

क्षार आतून खातात, हवा बाहेरून. कोकणपट्टीत पावसाळ्यात आंघोळीचा टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. तीच हवा गिझरच्या खालच्या प्लॅस्टिकच्या झाकणाआड असते. तिथे थर्मोस्टॅटची टोकं, कटआउट, वायरचे स्क्रू असतात. त्यांच्यावर हिरवट-काळा गंज चढतो, जोड ढिला पडतो आणि ढिल्या जोडातून वीज गेली की तो तापतो. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा इन्स्टंट १३. प्लग हाताला गरम लागतोय किंवा सॉकेट पिवळट पडलंय, हे दिसलं तर गिझर वापरायचा नाही. एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच नाही.

याहून गंभीर गोष्ट कॉईल फाटण्याची. थराखाली तापून कॉईलच्या नळीला चीर गेली की आतली विजेची तार पाण्याच्या संपर्कात येते. नळाला हात लावल्यावर 'झिणझिण' होतं ती हीच वेळ. पावसाळ्यात ओली भिंत, ओले पाय आणि कुचकामी अर्थिंग असेल तर ही झिणझिण जीव घेऊ शकते. आमच्याकडे हे झालं होतं. आई म्हणाली, "थोडंसंच लागतं गं, रबरी चप्पल घालते मी." हे ऐकून माझी झोप उडाली.

झिणझिण जाणवली की गिझरचा स्विच आणि मेन दोन्ही बंद करायचं आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे आजच बघायचं. मीटरजवळच्या बॉक्समध्ये 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला स्विच. बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे. एमसीबी म्हणजे आरसीसीबी नव्हे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

बदलायचा की दुरुस्त करायचा?

आता मूळ प्रश्न. मेकॅनिकचं "नवाच घ्या" ऐकायचं का?

गिझरमध्ये दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, जे भाग बदलता येतात: कॉईल, थर्मोस्टॅट, कटआउट, गॅस्केट, वॉल्व्ह आणि एनोड रॉड. दुसरी, जी बदलण्यात अर्थ नसतो: टाकी. कॉईल काही शेकड्यांत येते, नवा गिझर काही हजारांत. त्यामुळे मेकॅनिकला विचारायचा प्रश्न एकच, "पाणी नेमकं कुठून गळतंय?"

कॉईल जळाली, पाणी गळत नाही, तर दुरुस्ती. खालच्या झाकणाच्या कडेने गळतंय, तर बहुतेकदा गॅस्केट गेलेलं असतं, तेही दुरुस्त होतं. पण टाकीच्या अंगातून, इन्सुलेशनमधून झिरपून तांबूस पाणी येतंय, तर टाकी फुटली. मग त्यावर एक रुपयाही घालवू नका. एम-सील लावून कुणी महिना-दोन महिने काढून देईल, पण आतल्या दाबाला एम-सील किती दाद देणार?

एनोड रॉड हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. मॅग्नेशियमची एक कांडी. ती टाकीच्या वाटचा गंज स्वतःवर घेते आणि झिजते. क्षार जास्त असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे तिथे ती लवकर संपते. संपल्यावर पाळी टाकीची. दादरच्या पाण्यात जी कांडी अनेक वर्षं पुरेल ती टँकरच्या पाण्यात दरवर्षी उघडून बघावी लागते. आमच्या तिन्ही गिझरमध्ये मिळून ती एकदाही कुणी बघितली नव्हती. 'एनोड रॉड' हा शब्दच घरात पहिल्यांदा यंदा आला.

सर्व्हिसिंगबद्दलही एक. काही जण कॉईल आणि टाकी धुवायला संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरतात. थर झटक्यात निघतो, फेस येतो, काम झाल्यासारखं दिसतं. पण ते अ‍ॅसिड धातूलाही खातं आणि स्टेनलेस स्टीललाही बारीक भोकं पाडू शकतं. कॉईल बाहेर काढून कोमट पाण्यात लिंबूफूल घालून काही तास भिजत ठेवली तर तोच थर मऊ पडून निघतो. वेळ लागतो, म्हणून मेकॅनिक करत नाही. आणि हातोडीने ठोकून थर काढत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वॉल्व्हला बूच मारू नका, हे मात्र वेगळं सांगायला हवं. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की साधारण एक पेला जास्तीचं पाणी तयार होतं. ते गिझरच्या खालच्या वॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडतं. तो बिघाड नाही, तेच त्याचं काम आहे. कित्येक घरांत "वॉल्व्ह गळतोय" म्हणून तिथे बूच ठोकलेलं असतं. क्षारांनी तर तो आपोआपही बुजतो. वॉल्व्ह बंद, थर्मोस्टॅट अडकलेला आणि कटआउट बायपास केलेला, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की गिझर फुटतो. "कटआउट सारखा पडतो, डायरेक्ट करून देऊ का?" असं कुणी विचारलं तर उत्तर 'नाही' एवढंच.

नवा घेताना दुकानदार काय सांगत नाही

तो स्टार सांगतो. स्टार लेबल गिझरवर सक्तीचं आहे, पण ते मुख्यतः पाणी नुसतं साठून राहिल्यावर किती उष्णता निसटते त्यावर दिलेलं असतं. सकाळी अर्धा तास लावून बंद करणाऱ्या घराला चार आणि पाच स्टारमधला फरक फार जाणवणार नाही. आयएसआय मार्क मात्र हवाच. तो नसलेला स्टोरेज गिझर विकणंच बेकायदा आहे.

टाकीबाबत एक उलट गोष्ट. स्टेनलेस स्टील म्हणजे गंजणार नाही, असा आपला समज. पण मचूळ पाण्यातल्या क्लोराइडमुळे त्यालाही सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, विशेषतः वेल्डिंगजवळ. किनाऱ्यालगत आणि बोअरच्या पाण्यासाठी आतून काचेचा किंवा पॉलिमरचा लेप असलेली टाकी आणि जाड एनोड रॉड, हा मला जास्त शहाणा पर्याय वाटतो. अट एकच, रॉड वेळेवर बदलायचा.

टॉवरमध्ये राहत असाल तर ८ बारचा गिझर बघा. गच्चीतल्या टाकीपासून तुम्ही जितके खाली, तितका दाब जास्त. दर दहा मीटरला साधारण एक बार. म्हणजे वीस मजली इमारतीत दाब कमी करणारा वॉल्व्ह नसेल, तर सगळ्यात जास्त दाब सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या माणसाला सोसावा लागतो.

थर्मोस्टॅट ७५ वर ठेवून मग त्यात दोन तांबे गार पाणी मिसळायची आपली सवय. क्षारांना याहून आवडती गोष्ट नाही. ५५ च्या आसपास ठेवलं तर थर बराच कमी बसतो. फक्त घर आठ-दहा दिवस बंद असेल तर साठलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात, तेव्हा परत आल्यावर एकदा ६० च्या वर तापवून मग वापरा.

गिझरच्या आधी बसवायचे पॉलिफॉस्फेटचे छोटे फिल्टर काही प्रमाणात उपयोगी पडतात, पण कांडी किंवा गोळ्या बदलायला विसरलात तर ती नुसती बाटली उरते. पाइपला गुंडाळायच्या चुंबकांवर मी पैसे घालणार नाही. खरा उपाय म्हणजे रेझिनचा सॉफ्टनर. त्याला नियमित मीठ लागतं, खारं पाणी गटारात सोडावं लागतं आणि सांभाळणारं माणूस लागतं. एका फ्लॅटला तो जड जातो, सोसायटीने घेतला तर खर्च वाटला जातो. सोलर वॉटर हीटरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे सोसायट्या पुन्हा चौकशी करू लागल्या असतील. पण जड पाण्यात तोही बुजतो, तेव्हा आधी पाणी तपासा, मग कोटेशन मागवा.

वॉरंटी कार्डवरची बारीक अक्षरं

आमच्या गिझरच्या टाकीला पाच वर्षं वॉरंटी होती. कंपनीचा माणूस आला, कॉईल बघितली, फोटो काढला आणि म्हणाला, "मॅडम, हे हार्ड वॉटरमुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही." कार्ड काढून बघितलं. खरंच लिहिलं होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मग मी आणखी काही कंपन्यांची कार्डं चाळली. बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने तेच. कुठे पाण्याच्या जडपणाची मर्यादा दिलेली, कुठे नुसतं 'क्षारांमुळे झालेला बिघाड वगळून'.

कंपनीची बाजूही समजू शकते. तुम्ही कसलं पाणी घालाल यावर तिचा ताबा नाही. पण मग माझा प्रश्न असा आहे. खोक्यावर स्टार मोठे छापता, बार मोठे छापता, 'सात वर्षं वॉरंटी' तर फुग्यात छापता. मग 'अमुक जडपणाच्या वर वॉरंटी नाही' हे सीलबंद खोक्याच्या आतल्या कार्डवरच का? ज्या विरारमध्ये निम्मं गाव टँकरवर आहे तिथल्या दुकानात ही अट काउंटरवर सांगायला काय हरकत आहे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूच्या दर्जाची माहिती मिळण्याचा हक्क आहे. 'अन्याय्य करार' ही कल्पनाही याच कायद्याने आणली, पण त्याची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सदोष वस्तू किंवा सेवेतल्या त्रुटीची साधी तक्रार जिल्हा आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणजे 'हार्ड वॉटर' हे कंपनीच्या माणसाने नुसतं डोळ्यांनी बघून ठरवायचं, असं नाही. तुमच्याकडे पाण्याचा रिपोर्ट असेल आणि आकडा कार्डवरच्या मर्यादेच्या आत असेल, तर बाजू भक्कम होते. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. जुना भाग मेकॅनिकला नेऊ देऊ नका, कॉईलचे फोटो आणि जॉब शीट जपून ठेवा. आम्ही कॉईल देऊन बसलो होतो, हे इथे कबूल करते.

'राइट टू रिपेअर'वर केंद्र सरकारने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टलही काढलं. दुरुस्ती किती सोपी यावर वस्तूंना गुण देण्याच्या शिफारशी मे २०२५ मध्ये आल्या, पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. गिझरचा नंबर कधी लागेल ते कुठे ठरलेलं नाही. तोवर सुटे भाग मिळतात का आणि एनोड रॉडची किंमत काय, हे दोन प्रश्न खरेदीआधीच विचारलेले बरे.

मग आईच्या गिझरचं काय झालं?

दुसरा मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण उघडून टाकी टॉर्चने बघितली. टाकी शाबूत होती. कॉईल, गॅस्केट आणि एनोड रॉड बदलला, तळातला खडू काढला तर अर्धी बादली भरली. आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण दाबलं, तो पडला नाही, तोही बदलला. सगळं मिळून नव्या गिझरच्या निम्म्याहून कमी खर्च.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आईने टँकरच्या पाण्याचा हार्डनेस रिपोर्ट मागितला. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, आजवर कुणी मागितला नाही, विचारून सांगतो." टँकरवाल्याकडून अजून उत्तर आलेलं नाही. आईने गच्चीतल्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून ठेवलंय, सोमवारी लॅबला देणार आहे.